वादळानंतर छप्पर तपासायचं तर सुरुवात कुठून करावी?

ओसरी
मंडळी, काल रात्री आमच्याकडे जोराचं वादळ झालं. वारा मध्यरात्रीनंतर पडला, पाऊस पहाटे थांबला. घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे. मागच्या दोन खोल्यांवर मंगलोरी कौलं आणि त्यांना लागून पडवीवर लोखंडी पत्रे. खालून बघितलं तर सगळं जागच्या जागी दिसतंय. कौल पडलेलं नाही, पत्रा उडालेला नाही. घरातल्यांचं म्हणणं असं की गळत नाही म्हणजे काही झालेलं नाही. मला ते पटत नाही, कारण या आठवड्यात पुन्हा वाऱ्यापावसाचा अंदाज आहे.

वर न चढता कितपत तपासता येतं? आधी काय बघायचं, नंतर काय? आणि माणूस बोलवला तर त्याला नेमकं काय बघायला सांगायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

निवांतवारा
गळत नाही, पडलं नाही, तर शिडीला हात कशाला लावायचा? ओल्या छपरावरून घसरून हातपाय मोडून घेणारेच जास्त. दोन दिवस ऊन पडू द्या, मग बघा.

सुतारपक्षी
निवांतवारा, शिडीला हात लावू नये हे शंभर टक्के मान्य. "गळत नाही म्हणजे ठीक" हे मात्र मान्य नाही. छपरांचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रा एका झटक्यात उडतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वारा त्याला उचलतो, सोडतो, परत उचलतो. रात्रभर हेच चालू. प्रत्येक वेळी ताण येतो तो हुकाच्या (पत्रा खालच्या पाइपाला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टाच्या) भोकावर. भोक आधी गोल असतं ते लांबट होतं, कडेला बारीक चीर जाते, डांबरी वॉशर चिरडून बाहेर येतो. पत्रा मात्र जागेवरच असतो, त्यामुळे खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. पुढचा वारा याच्यापेक्षा कमी असला तरी तोच पत्रा निघतो.

ओसरी, तुमच्या स्लॅबवरून पडवी दिसत असेल तर तिथूनच फोनचा कॅमेरा झूम करून बघा. ऊन तिरपं असताना बघा, सकाळी किंवा चारनंतर. हुकाच्या वॉशरभोवती चकचकीत कोर दिसते का? आजूबाजूचा पत्रा जुना, मळकट, आणि वॉशरच्या एकाच बाजूला घासून लख्ख झालेली बारीक पट्टी. ती दिसली की समजायचं, पत्रा तिथे हलत होता. असे दोन-तीन हुक एका ओळीत सापडले तर ती पूर्ण ओळ नव्याने बांधायची.

मीटरबॉक्स
थांबा जरा, क्रम चुकतोय. छपराकडे मान वर करण्याआधी विजेची तार कुठे आहे ते बघा. खांबावरून घरात येणारी तार तुटून पत्र्यावर किंवा पन्हळीवर पडली असेल तर सगळा पत्रा जिवंत असू शकतो. तार पडलेली दिसली तर निदान दहा मीटर लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि वीज कंपनीला फोन करा. "लाइट गेलेली आहे, काही होत नाही" असं म्हणून काठीने तार बाजूला करू नका. लाइट केव्हाही येते.

घरात पंख्याच्या हुकातून, दिव्याच्या होल्डरमधून किंवा स्विचबोर्डातून ओल उतरली असेल तर मेन स्विच बंद. पण उभं राहायची जागा ओली असेल तर मेन स्विचलाही हात लावू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

काटकोन
मीटरबॉक्स यांचा प्रतिसाद सगळ्यात वर असायला हवा.

सुतारपक्षी यांनी लिहिलंय त्यामागचं कारण सांगतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. छपरावर वारा बहुतेक ठिकाणी खाली दाबत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ कडा, कोपरे आणि आढ्याजवळ (दोन उतार वर मिळतात तिथे) सर्वांत जास्त असते. त्यामुळे हाताशी वेळ थोडा असेल तर छपराचा मधला भाग शेवटी बघा. आधी चारही कोपरे, वळचणीची (छपराच्या खालच्या कडेची) पहिली ओळ आणि आढं.

वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्टच्या मापात ९ वी पायरी म्हणजे ताशी ७५ ते ८८ किलोमीटर वारा. घरांचं किरकोळ नुकसान या पायरीपासून सुरू होतं, कौलं उडायला लागतात ती इथेच. तुमच्या भागातला काल रात्रीचा कमाल वेग हवामान खात्याच्या नोंदीत मिळाला तर बघा. त्याच्या आसपास असेल तर दिसो न दिसो, तपासणी हवीच.

पत्र्याच्या थकव्याबद्दलही एक उदाहरण देतो. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं. बहुसंख्य घरं राहण्याजोगी उरली नाहीत. नंतरच्या तपासात दिसलं की पातळ पत्रे फाटले ते स्क्रूभोवती, पुन्हा पुन्हा वाकून धातू थकल्यामुळे. पत्रा जाड आहे की पातळ याच्याइतकंच तो कशाने आणि किती ठिकाणी धरलाय हे महत्त्वाचं, हा धडा तिथून मिळाला. मग पत्रा आणि त्याची जोडणी यांच्यावर हजारो वेळा दाब देऊन-सोडून चाचण्या घ्यायला लागले.

रानजाई
वादळात एखाद-दुसरी खिडकी उघडी ठेवावी म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो आणि छप्पर उडत नाही, असं आमच्याकडे मोठी माणसं सांगायची. खरं आहे का हे? आम्ही अजूनही ठेवतो.

काटकोन
नका ठेवू. वारा ज्या बाजूने येतोय तिकडची खिडकी उघडी असेल किंवा फुटली तर घरात हवा कोंबली जाते. आतून ती छताला वर ढकलते आणि बाहेरून वारा वर ओढतच असतो. दोन्हींची बेरीज होते.

अंगणवारा
काटकोन, अर्धंच सांगताय. वाऱ्याच्या उलट्या बाजूची खिडकी उघडी ठेवली तर आतला दाब कमीच होतो. जुन्या माणसांना तेच म्हणायचं असणार.

काटकोन
वाऱ्याची दिशा कायम असती तर मान्य केलं असतं. चक्रीवादळ सरकत जातं तसा एकाच जागचा वारा फिरत जातो आणि केंद्र वरून गेलं तर थेट उलटा होतो. मध्यरात्री कोण उठून एक खिडकी लावणार आणि दुसरी उघडणार? सगळ्या घट्ट लावायच्या, हेच सुरक्षित.

या धाग्याला उपयोगी असं यातलं एक: ओसरी, काल रात्री घरातली एखादी खिडकी किंवा दार वाऱ्याने उघडलं होतं का, काच फुटली का, ते आठवून बघा. ज्या खोलीत ते झालं त्या खोलीच्या छपराने जास्त ताण सोसलाय. तिथून सुरुवात करा.

वळचण
आता कौलांचं मी सांगते. आयुष्य कौलारू घरात गेलंय.

कौलं बाहेरून बघण्याआधी आतून बघायची. भर दुपारी खोलीत जा, दिवे बंद करा, दारंखिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभ्या राहा (किंवा उभे राहा, ओसरी हे दादा आहेत की ताई मला माहीत नाही). मग वर बघा. कौल जिथे सरकलंय तिथे उजेडाची फट दिसते. काही फटी कायमच्या असतात, मंगलोरी कौलात थोडा उजेड येतोच. आपल्याला हवी ती नवी फट. ती कशी ओळखायची? एका ओळीतल्या सगळ्या फटी सारख्या असतात आणि एकच वेगळी, तिरकी असते.

मग रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, बघा. कौलाच्या पोटाला जे नाक असतं ते रिपेला अडकून कौल थांबतं. वाऱ्याने कौल उचललं गेलं आणि परत बसताना नाक रिपेवर न बसता पुढे बसलं, तर ते नुसतं शेजारच्या कौलांच्या आधारावर असतं. खालून छान दिसतं. पहिल्या मोठ्या सरीला घसरतं.

जमीनसुद्धा बघा. कौलाखालच्या फरशीवर, कपाटावर, गादीवर लालसर भुकटी किंवा कपच्या पडल्या असतील तर त्याच्या बरोबर वरचं कौल हललंय किंवा त्याचा कान तुटलाय. म्हणून वादळ झाल्यावर झाडू मारायच्या आधी छप्पर बघायचं. झाडू मारला की खूण गेली.

आणि हो, कौल हललंय म्हणजे वादळानेच असंही नाही. आमच्याकडे निम्मी कौलं मांजरं हलवतात आणि नाव वाऱ्याचं होतं.

अंगणवारा
मांजरांचा विमा उतरवून घ्या मग :)

पावतीपुस्तक
विम्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण दावे नाकारले जातात ते बहुतेक साध्या कारणांनी.

घराचा विमा असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा. आधी लांबून पूर्ण छप्पर, मग प्रत्येक बाजू, मग जवळून तुटलेली जागा. फक्त जवळचे फोटो दिले तर ते कुठल्या घराचे हेच कळत नाही. कंपनीला लगेच कळवा, नुकसान किती हे नक्की व्हायची वाट बघू नका. तात्पुरती झाकपाक करायला हरकत नसते, उलट ती करणं ही तुमचीच जबाबदारी धरली जाते. झाकलं नाही म्हणून पुढच्या पावसात आतलं सामान भिजलं तर त्यावरून वाद होतो. ताडपत्रीची, मजुरीची पावती ठेवा. फुटलेली कौलं, वाकलेले हुक विमा कंपनीचा सर्वेअर येऊन जाईपर्यंत टाकू नका.

आणि वादळानंतर दारावर "तुमचं छप्पर खराब झालंय, आत्ता करून देतो" म्हणत येणाऱ्या अनोळखी माणसाला आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका. त्याला वरही एकट्याला पाठवू नका. काय खराब आहे ते आधी फोटोत दाखव म्हणावं.

हिरवळ
आमच्याकडे जुने सिमेंटचे पत्रे आहेत. याच वादळात एकाला लांब चीर गेलीय. मुलगा म्हणतो, वर जाऊन सील लावून येतो, पाच मिनिटांचं काम आहे. जाऊ देऊ का?

सुतारपक्षी
हिरवळताई, अजिबात जाऊ देऊ नका. सिमेंटचा पत्रा वाकत नाही, थेट तुटतो. चिरेजवळच पाय पडला पाहिजे असंही नाही, जुना पत्रा कुठेही दगा देतो. माणूस सरळ खाली. आम्हीसुद्धा त्यावर पाय देत नाही. खालच्या दोन-तीन पाइपांवर भार जाईल अशा लांब फळ्या टाकतो आणि कमरेला दोर बांधून मगच जातो. उजेडासाठी मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा असेल तर त्याच्यापासून अजून सावध. धूळ बसून तो बाकीच्यांसारखाच दिसतो.

काटकोन
शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. जागतिक आरोग्य संघटना अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. अखंड पत्रा डोक्यावर आहे तोवर धोका कमी, पण तुटला, कापला, भोक पाडलं की तंतू हवेत जातात. पडलेले तुकडे कोरडे झाडू नका. पाणी मारून ओले करा, मास्क लावून अख्खे उचला, जाड पिशवीत बांधून ठेवा. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. प्रेशरने धुण्याचा विचारही नको.

हिरवळ
बापरे. मुलाला हा धागा दाखवला. उतरला डोक्यातून विचार. आतून बादली ठेवलीय, माणूस बोलवते.

गच्चीवरचा
सगळे कौलं-पत्र्यांवर बोलताय, स्लॅबला कोणी वालीच नाही.

स्लॅब उडत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. वादळानंतर स्लॅबवर पहिली गोष्ट बघायची ती पाणी उतरण्याच्या पाइपाची तोंडं. वाऱ्याने आलेला पाला, पिशव्या तिथे जाऊन बसतात. साधा हिशोब करा. १०० चौरस मीटर गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी तुंबलं तर ते १०,००० लिटर, म्हणजे १० टन. एवढं ओझं काही तास नको त्या जागी उभं राहतं, आणि कोब्यातल्या प्रत्येक बारीक भेगेत झिरपत राहतं. छताला ओल दिसते ती त्यानंतर काही दिवसांनी.

मग कठडा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोनात आडवी भेग आहे का बघा. कठड्याला हाताने जोर लावून बघू नका, टेकूही नका. पाण्याची टाकी जागेवर आहे ना, तिचा पाइप सांध्यात ताणला गेला नाही ना? रिकामी प्लॅस्टिकची टाकी वाऱ्यात लोळते, भरलेली १००० लिटरची टाकी एक टनाची असते, ती हलत नाही. पुढचं वादळ येणार असेल तर आधी टाक्या भरून घ्या. डिश, कपडे वाळवायचे खांब, कुंड्या यातलं जे सैल झालंय ते खाली उतरवा. दुसऱ्याच्या पत्र्यावर जाऊन पडतं ते हेच.

सौरभान
सोलर असेल तर त्याची भर घालतो. पॅनेलची काच तडकली असेल तर हात लावू नका, पाणी मारून धुऊ नका. घरातली लाइट गेलेली असली तरी उजेड आहे तोवर पॅनेल वीज तयार करतच असतं. इन्व्हर्टर बंद करा आणि बसवणाऱ्याला बोलवा. पॅनेल धरणारे क्लॅम्प सैल झालेत का आणि पाय जिथे छतात रोवलेत तिथून पाणी उतरतंय का, हे त्याला मुद्दाम बघायला सांगा.

रानजाई
आमच्याकडे जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे. एका ठिकाणी पोट आल्यासारखं झालंय. वाळेल ना आपोआप?

गच्चीवरचा
नाही वाळणार, वर पाणी साठलंय आणि ते कोसळेल. आधी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद. खालचं सामान बाजूला, बादली ठेवा. मग फुगवट्याच्या थेट खाली उभं न राहता बाजूने स्क्रूड्रायव्हरने बारीक भोक पाडून पाणी उतरवा. फुगवटा मोठा असेल तर त्या खोलीत जाऊच नका, माणूस येऊ दे. ओलं झालेलं सगळं २४ ते ४८ तासांत वाळवायचा प्रयत्न करा, त्यानंतर बुरशी धरते.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. (वळचण, मी ताई :)) सांगितलेल्या क्रमाने बघितलं. जे सापडलं ते असं.

तार ठीक आहे. स्लॅबच्या एका पाइपाच्या तोंडावर पाल्याचा बोळा होता, काढला. कौलांच्या खोलीत अंधार करून बघितलं तर आढ्याखाली एक तिरकी फट दिसली, आणि बरोबर त्याच्या खाली कपाटावर लाल भुकटी. गंमत म्हणजे भिंतीवर ओलीचा डाग आहे तो तिथून बराच खाली, वळचणीकडे. पडवीच्या पत्र्यांवर शेवटच्या ओळीत चार हुकांना ती चकचकीत कोर स्पष्ट दिसतेय. फोटोत तर अजूनच स्पष्ट. घरातल्यांना दाखवल्यावर सगळे गप्प.

माणूस उद्या येणार. आज रात्री पाऊस आहे. डाग आहे तिथे झाकू की फट आहे तिथे? आणि ते हुक नुसते आवळून चालतील का?

वळचण
ओसरीताई, फट आहे तिथे. पाणी आत आलं की वाशाच्या पोटाने खाली ओघळत जातं आणि अडथळा आला की तिथे टपकतं. डाग नेहमी खाली असतो, भोक वर. डागापासून वाशावरची ओली रेघ धरून वर वर जायचं. ती रेघ तुमच्या तिरक्या फटीपर्यंत पोचत असेल तर गळतीची जागा सापडली. पोचत नसेल तर दुसरंही भोक आहे.

निवांतवारा
पण आज रात्री वर चढू नका, हे माझं म्हणणं कायम आहे. अंधार, ओलं कौल आणि वारा. एक रात्र बादलीवर काढता येते.

सुतारपक्षी
निवांतवारांशी सहमत. ताडपत्री टाकायची तर उजेड आहे तोवर, वारा नसताना, दोन माणसांनी, कौलावर पाय न देता. जमत नसेल तर आतून, रिपांच्या खाली, प्लॅस्टिकचा कागद तिरका बांधा आणि त्याचं टोक बादलीत सोडा. रात्रीपुरतं ते पुरतं. शिडी लावणार असाल तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर निघालेलं, आणि खाली एक माणूस शिडी धरून.

उद्या तो माणूस ताडपत्री टाकेल तेव्हा ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर (उतारावर) गेली पाहिजे. आढ्याच्या अलीकडेच संपली तर पाणी तिच्या खालून शिरतं. कडा लाकडी पट्टीत गुंडाळून बांधायच्या. वर दगड, विटा ठेवू देऊ नका. वाऱ्यात तेच खाली येतात आणि कौलं फोडतात.

हुकांचं: नुसते आवळून चालणार नाहीत. भोक लांबट झालंय, आवळलं की पत्रा तिथे दबतो आणि पाणी तिथेच थांबतं. हुक काढून भोक बघायचं. चीर गेली असेल तर तो पत्रा बदलायचा. चीर नसेल तर मोठा वॉशर आणि नवा हुक, शिवाय शेजारच्या उंचवट्यावर नवीन भोक पाडून एक जादा हुक. भोक कायम पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागातून पाणी वाहतं. तिथे पाडू देऊ नका. आणि शेवटच्या ओळीत चार सैल निघाले म्हणजे त्याच्या वरची ओळही हाताने हलवून बघायला सांगा. तिथले हुक खालून दिसत नाहीत.

ओसरी
लिहून घेतलं सगळं. वरच्या ओळीचं मला सुचलंच नसतं. उद्या काय निघतं ते इथेच कळवते, हुक काढल्यावर भोकांचे फोटोही टाकते.

सुतारपक्षी
टाका. वॉशरच्या खालचा भाग दिसेल असा काढा, आणि शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे भोक किती वाढलंय ते कळेल.